बर्फावरची हॉकी : अंगणातली आणि पडद्यावरची



या सदराकडे येणारी पत्रे बहुधा कीड, खत आणि पाणी यांविषयीच असतात. या महिन्यात मात्र तीन मातांची पत्रे एकाच विषयावर आली. मुलगा शाळेतून आला की मोबाईल नाहीतर टीव्ही घेऊन बसतो, मैदानातला खेळ सोडून पडद्यावरचा खेळ खेळतो, तर हे खेळ चांगले की वाईट, असा तिघींचाही प्रश्न आहे.

प्रश्न शेतीचा नाही हे खरे. परंतु घरातले मूल हेही एक पीकच आहे आणि त्याचा हंगाम चुकला तर दुबार पेरणी करता येत नाही. म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो.

आमच्या खात्यात काम करताना एक शिस्त अंगी लागते. नवे वाण आले की केवळ ऐकीव माहितीवर त्याची शिफारस करायची नाही आणि निंदाही करायची नाही. आधी प्लॉट डोळ्यांनी पाहायचा, मग कागदाच्या डाव्या बाजूस गुण व उजव्या बाजूस दोष लिहायचे. पडद्यावरचा असा एकच खेळ मी स्वतः हातात घेऊन तीन आठवडे पाहिला आहे. तो हॉकीचा. त्याचा कागद आज आपल्यापुढे ठेवतो.

माझी धाकटी बहीण कॅनडात सास्काटून या शहरी राहते. २०२४ च्या जानेवारीत रजा काढून मी तिच्याकडे गेलो होतो. तो सास्काचेवान प्रांत. गहू, कॅनोला आणि मसूर यांचा हा मुलूख, आणि तिथली मसूर आपल्या बाजारातही येते. पण जानेवारीत तिथे शेत म्हणून काही दिसत नाही. नजर पोचेल तिथवर पांढरे. पारा शून्याखाली २५ ते ३० अंश.

हॉकी म्हटले की आपल्याला ध्यानचंद आठवतात, आपल्या खडकीचे धनराज पिल्ले आठवतात. तिकडे नुसते हॉकी म्हटले की ती बर्फावरची. पायात स्केटचे बूट, हातात लांब काठी, आणि चेंडूच्या जागी रबराची चपटी चकती. तिला पक म्हणतात. पक ३ इंच रुंद, १ इंच जाड, वजनाला दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅमच्या दरम्यान. उसळू नये म्हणून सामन्यापूर्वी तो गोठवून ठेवतात. एका बाजूला गोलरक्षक धरून सहा खेळाडू, २०-२० मिनिटांचे तीन डाव. धाव इतकी दमछाक करणारी की खेळाडू पाऊण-एक मिनिट खेळून बाहेर येतो आणि ताजा गडी आत जातो. आपल्या देशातही लडाखमध्ये हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ खेळतात.

बहिणीचा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. आदल्या हिवाळ्यात खेळताना पडून त्याचे उजवे मनगट मोडले. हाड जुळले, प्लॅस्टर निघाले, डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली. पण पोरगा पुन्हा बर्फावर गेला नाही. स्केटचे बूट जिन्याखाली धूळ खात पडले होते आणि हा रोज संध्याकाळी टीव्हीपुढे हॉकीच खेळत होता. बहीण मला म्हणाली, "दादा, तू एवढ्या लोकांना समजावतोस. याला काहीतरी सांग, नाहीतर ते यंत्र मी कपाटात कुलूप लावून ठेवते."

मी म्हटले, आधी मला खेळून तर पाहू दे.

खेळाचे नाव एनएचएल २४. नॅशनल हॉकी लीग ही तिकडची १९१७ सालची मोठी स्पर्धा. आज तीत ३२ संघ आहेत. ईए स्पोर्ट्स ही कंपनी या स्पर्धेच्या नावावर १९९१ पासून जवळजवळ दर वर्षी एक नवा खेळ काढते. माझे मेहुणे हौशी असल्यामुळे त्यांच्याकडे सेगाचे जुने यंत्र आणि १९९३ सालचा एनएचएल ९४ हा खेळही होता. म्हणजे जुने वाण आणि नवे वाण, दोन्हींचे प्लॉट मला शेजारी शेजारी पाहायला मिळाले.

पहिल्या सामन्यात भाच्याने मला ९-० असे हरवले. आठवडाभराने मी ५-१ पर्यंत आलो. त्यापुढे प्रगती झाली नाही.

गुण

पहिला गुण असा की हा खेळ खेळ शिकवतो. दुसऱ्या दिवशी खऱ्या सामन्याचे प्रक्षेपण लागले तेव्हा मला ते बऱ्यापैकी समजू लागले. पक निळ्या रेषेच्या आत जाण्याआधी आपला गडी आत शिरला की ऑफसाइड होते, आणि किरकोळ चूक केली की दोन मिनिटे बाहेर बसावे लागते व संघ एका गड्याने लंगडा होतो. हे नियम मला कोणी पाठ करून घेतले नव्हते. चुकून चुकून ते अंगवळणी पडले. प्रात्यक्षिकाचे महत्त्व आम्ही जन्मभर सांगत आलो, ते हेच.

दुसरा गुण हाताचा. हातातल्या कंट्रोलरवर दोन लहान दांडे असतात. डावा पायासाठी, उजवा काठीसाठी. २००६ च्या एनएचएल ०७ पासून ही पद्धत आली. उजवा दांडा मागे ओढून पुढे ढकलला की पडद्यावरचा गडी काठी मागे नेऊन सणसणीत टोला मारतो. नुसते बटण दाबण्यापेक्षा हे निराळे आहे. वेळ साधावी लागते.

तिसरा गुण संगतीचा. एका सोफ्यावर बसून दोघे खेळू शकतात. बारा वर्षांचा भाचा आणि मी, बोलायला आमच्यात विषय फार नव्हते. या खेळाने दिले. आणि दूरचे मित्र मिळून सहा-सहांचे संघ करून खेळतात. प्रत्येक जण एकच गडी चालवतो. त्यात पक स्वतःजवळ धरून ठेवणारा लवकरच नावडता होतो.

चौथी गोष्ट भाच्याकडे पाहून लक्षात आली. हात प्लॅस्टरमध्ये असताना त्याला मैदान बंद होते. पट्टी निघाल्यापासून हा खेळ त्याच्या हातात होता आणि हॉकीची आवड मेली नव्हती. कोणता गडी कुठे उभा राहिला म्हणजे पास मोकळा मिळेल, हे तो न चुकता सांगे. हे बहिणीच्या नजरेतून सुटले होते.

दोष

आता उजवी बाजू.

पहिला दोष दरवर्षी नवे विकत घेण्याचा. नव्या खेळाची किंमत सुमारे ७० अमेरिकन डॉलर. संघांच्या याद्या बदलतात, काही नव्या करामती येतात. पण एखाद्या संघाचा व्यवस्थापक होऊन खेळण्याचे किंवा एकाच खेळाडूची कारकीर्द चालवण्याचे जे भाग आहेत, ते वर्षानुवर्षे फारसे बदलत नाहीत, अशी नेहमी खेळणाऱ्यांची जुनी तक्रार आहे. संकरित बियाण्यासारखे आहे हे. घरचे राखून चालत नाही.

दुसरा दोष, नवे ते सगळेच चांगले नसते. २०१४ साली नव्या यंत्रांसाठी एनएचएल १५ आला. दिसायला देखणा, प्रेक्षकांनी भरलेले मैदान, अंगावरचा सदरा वाऱ्याने हलावा तसा हलतो. पण सहा-सहांच्या संघांच्या स्पर्धेसारखे लोकांच्या आवडीचे भागच त्यात नव्हते. लोक नाराज झाले, आणि ती स्पर्धा पुढच्या वर्षी परत आणावी लागली. आपल्या जुन्या वाचकांना १९६४ ची सीएसएच-१ संकरित ज्वारी आठवेल. दाण्याचा उतारा भरपूर, पण भाकरीला चव नाही आणि गुरांना कडबा पुरेना. मालदांडी ३५-१ त्यापूर्वीची, आणि रब्बीत ती आजही उभी आहे.

१९९३ चा एनएचएल ९४ हा मला त्या खेळातला मालदांडी वाटला. चित्रे साधी, गडी बोटभर उंचीचे. पण पास आला की न थांबवता तसाच मारायचा टोला याच आवृत्तीत आला, आणि आजही त्याच्या स्पर्धा भरवणारे लोक आहेत. दोष त्यातही आहेत. सेगावरच्या आवृत्तीत वजनाचा हिशेब उलटा झाला आहे. त्यामुळे हलका गडी भारी गड्याला सहज आडवा करतो. शिवाय पक घेऊन गोलरक्षकासमोरून आडवे सरकले की तो हमखास फसतो. एकदा ही युक्ती सापडली की मुलगा तीच करत राहतो. एकाच पिकावर भिस्त ठेवल्यासारखे होते ते.

तिसरा दोष मला सर्वांत मोठा वाटतो. या खेळात खेळाडूंची चित्रे असलेली पाकिटे मिळतात. काही खेळून मिळतात, काही पैसे देऊन. पाकीट फोडेपर्यंत आत कोणता खेळाडू आहे ते कळत नाही. चांगला निघण्याची शक्यता शेकडा किती, एवढे छापलेले असते, पण आपल्या हाती काय येईल हे नशिबावर. अशा पाकिटांबद्दल बेल्जियमने २०१८ साली हा जुगारच आहे अशी भूमिका घेतली.

एके दिवशी भाचा हळूच म्हणाला, "मामा, २० डॉलर देता? एक चांगला गोली निघू शकतो."

मी त्याला विचारले, "आपल्याकडे बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती, शुद्धता आणि तपासणीची तारीख लिहावी लागते. कायदाच आहे १९६६ चा. समजा एका दुकानदाराने पिशवी दाखवली आणि म्हणाला, आत ज्वारी असेल, कपाशी असेल किंवा नुसते गवत असेल, पैसे आधी द्या. तर तुझे आजोबा घेतील का?"

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आजोबा त्याला काठीने मारतील." पैसे त्याने पुन्हा मागितले नाहीत.

चौथा दोष कागदावर मी शेवटी लिहिला, आणि तो मला घरात बसून सापडलाच नाही. बहिणीच्या घरामागे एक मैदान आहे. गल्लीतले लोक रात्री नळी लावून त्यावर पाणी सोडतात. एकदम भरून सोडत नाहीत. पातळ थर द्यायचा, तो गोठू द्यायचा, मग दुसरा. पाणी देण्याची ही रीत मला पाहायची होती. मी भाच्याला म्हटले, "मला एकट्याला बर्फावर चालता येणार नाही. तू बरोबर चल."

तो कुरकुरत आला. स्केट घालायला तयार नव्हता, पण नुसत्या बुटांनी मला धरून चालणे त्यालाही जमेना, म्हणून घरी जाऊन घालून आला. नवशिके खुर्ची ढकलत शिकतात, तशी एक खुर्ची त्याने माझ्या हाती दिली. दहा पावलांवर मी आडवा झालो. कंबर सणकून निघाली.

"लागलं का मामा?"

"लागलं तर."

तो माझ्याशेजारी बसला आणि मनगट चोळत म्हणाला, "गेममध्ये पडलं तर लगेच उठतात. खरं पडल्यावर मला परत पडायची भीती वाटते. आईला सांगू नका."

तिच्या एवढ्या दिवसांच्या काळजीचे उत्तर या दोन वाक्यांत होते. पोरगा खेळाच्या नादी लागलेला नव्हता. तो घाबरलेला होता, आणि पडद्यावरच्या बर्फाला कठीणपणा नसतो म्हणून तिथे थांबला होता. आम्ही दोघे मैदानाच्या कडेकडेने खुर्ची ढकलत फिरलो. परत निघेपर्यंत मी आणखी दोनदा पडलो. दोन्ही वेळा त्यानेच उचलले. आईला मी सांगितले नाही. आठ दिवसांनी त्यानेच सांगितले.

तो पुन्हा संघात गेला, असे लिहायला मला आवडले असते. गेला नाही. पण शनिवारी मित्रांबरोबर त्या मैदानावर जातो आणि संध्याकाळी पडद्यावरही खेळतो. यंत्राला कुलूप लागले नाही.

आता तिन्ही भगिनींसाठी चार गोष्टी लिहितो.

१. खेळाला बोल लावण्यापूर्वी मुलाशेजारी बसून तो दोन-चार वेळा स्वतः खेळा. हरा. मूल तुम्हाला शिकवू लागले की बोलूही लागते.

२. मैदान का सुटले, हे विचारा. कधी भीती असते, कधी कुणी चिडवलेले असते, कधी गावात खेळायला जागाच उरलेली नसते. रोग ओळखल्याशिवाय फवारणी करू नये.

३. पैसे देऊन घ्यायची न फोडलेली पाकिटे, नाणी, बक्षिसे यांना घरात सरसकट मनाई ठेवा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आपल्याकडे २०२५ साली कायद्याने बंदी आली आहे. पण मुलांच्या हातात आपला फोन आणि त्यात आपले बँकेचे खाते असते, याची काळजी आपणच घ्यायची. पैसे काढण्याचा आकडा मुलांना सांगू नका.

४. वेळ आधी ठरवा आणि तो घरातल्या मोठ्यांनीही पाळा. बाप रात्री अकरापर्यंत मोबाईल पाहत असेल तर मुलाला सांगण्यात अर्थ नाही.

ज्या तीन भगिनींनी पत्रे लिहिली त्यांनी, आपल्या मुलाशी बोलून काय निष्पन्न झाले, हे जरूर कळवावे. पुढील अंकात उन्हाळी भुईमुगाच्या पाण्याच्या पाळ्यांविषयी लिहीन.