बोलायला पैसे कशाला?

एकटेपणासाठी समुपदेशन, आणि तेही सार्वजनिक खर्चाने, असा विषय काढला की समोरचा आधी हसतो. ‘बोलायला पैसे कशाला? आमच्या वेळी...’ पुढचं आपल्याला पाठच असतं. वाडा, ओसरी, पार, शेजारच्या काकू. हा पूर्वपक्ष थट्टेवारी नेण्यासारखा नाही. तो मांडणारी माणसं बहुधा प्रेमळ असतात आणि त्यांनी काहीतरी खरंच गमावलेलं असतं. पण त्या हसण्याला उत्तर द्यायलाच हवं, कारण धोरण ठरवणारेही तसेच हसतात.

भरलं घर म्हणजे एकटेपणावर इलाज, हे त्या घरातल्या कर्त्या पुरुषाचं मत झालं. सुनेला कोणी विचारलं होतं? हरि नारायण आपट्यांनी विचारलं. १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः आलेल्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत यमूच्या अवतीभवती माणसांची वानवा नाही. विधवा झाल्यावर तिचं जबरदस्तीने केशवपन होतं तेही भरल्या घरातच. पाराचीही तीच गत. गप्पा रंगत असतील, नाही कोण म्हणतो! पण तिथे बाईमाणूस टेकत नसे, आणि गावकुसाबाहेरच्याला तर त्याच्या सावलीचीही चोरी होती. अर्ध्याअधिक गावाला जी सोय कधी मिळालीच नाही, तिच्या आठवणींवर आजची व्यवस्था कशी उभी करणार?

दुसरा आक्षेप जरा आधुनिक आहे: ही सगळी पोट भरलेल्यांची दुखणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाचा २०२५ चा अहवाल नेमकं उलट सांगतो. जगात सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो. श्रीमंत देशांत हे प्रमाण सुमारे ११ टक्के आहे, तर गरीब देशांत सुमारे २४. म्हाताऱ्यांपेक्षाही जास्त झळ तरुणांना लागलेली आहे. यात नवल वाटण्याचं कारण नाही. ज्याच्याकडे पैसा आहे तो गाडी काढून मित्राकडे जातो, क्लबात जातो, गावाला जातो. ज्याच्याकडे तो नाही त्याला कोणाकडे जायचं म्हटलं तरी आधी खिसा चाचपावा लागतो.

पुण्यात सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत एखाद्या अभ्यासिकेच्या जिन्यात दुपारी उभं राहून बघा. आत शांतता पाळायची असते, म्हणून फोनसाठी पोरं जिन्यात येतात. ‘हो आई, जेवलो.’ ‘अभ्यास चाललाय मस्त.’ ‘निघेल या वेळी पोस्ट.’ एकापाठोपाठ एक, जवळपास तेच शब्द. फोन बंद झाला की चेहरा उतरतो आणि पोरगा मुकाट्याने आपल्या नंबराच्या टेबलाशी जाऊन बसतो. राहायला कॉट बेसिसवर खोली, खोलीत आणखी तिघं-चौघं, तेही त्याच स्पर्धा परीक्षेचे उमेदवार. शेजारच्याशी मन मोकळं करावं तर तोच स्पर्धक. गावाकडे सांगावं तर तिथे वडिलांनी शेतीतून काढून पैसे पाठवलेले. या मुलाभोवती दिवसभर शंभर माणसं असतात. त्याला ‘मित्रांशी बोल की’ म्हणणाऱ्याने या जिन्यात दहा मिनिटं घालवावीत, मग सल्ला द्यावा.

बरं, हा मुलगा धीर करून समुपदेशकाकडे गेला तर? शहरात एका सत्राचे हजार-दीड हजार रुपये सहज होतात. आठवड्याला एक म्हटलं तरी महिन्याचा आकडा त्याच्या दोन वेळच्या मेसच्या पुढे जातो. समुपदेशक लुटतात असं मला म्हणायचं नाही. त्यांनाही जागेचं भाडं आहे, वर्षानुवर्षांचं शिक्षण आहे, आणि दिवसाला पाच-सहा माणसांचं मनापासून ऐकल्यावर सातव्याचं ऐकायला त्राण उरत नाही. फी वाजवी आहे आणि तरीही परवडत नाही, अशीच ही गोष्ट आहे. विम्याचा आधार घ्यावा तर तोही तोकडा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा. परवडणाऱ्या दरात, चांगल्या दर्जाची आणि घराजवळ सेवा मिळणं हा हक्क आहे, असं त्यात लिहिलंय. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा, असंही लिहिलंय. पण एकटेपणा हा आजार नाही. तो आजारात रूपांतरित होईपर्यंत थांबायचं आणि मग दावा करायचा, असा याचा अर्थ निघतो.

‘टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे ना!’ आहे, आणि असावीच. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि फुकट चालतो. ज्याची आजची रात्र कठीण आहे त्याने तो जरूर फिरवावा. त्या बाबतीत माझा काहीच वाद नाही. पण एकटेपणा हे एका रात्रीचं प्रकरण नसतं. त्याला दर मंगळवारी तोच चेहरा लागतो, गेल्या वेळी काय सांगितलं ते लक्षात ठेवणारा. आपण आलो नाही तर ‘का आला नाहीस?’ विचारणारा. फोनच्या पलीकडून ते होत नाही. हेल्पलाइन सुरू केली म्हणजे विषय संपला, असं मानणाऱ्यांशी वाद आहे तो एवढाच.

आता खरा तगडा आक्षेप, आणि तो तज्ज्ञांकडून येतो: चार आठवड्यांचं प्रशिक्षण दिलेल्या बाईच्या हाती कोणाचं मन सोपवायचं? भलतंच काही झालं तर? प्रश्न रास्त आहे. एरवी ‘पॉझिटिव्ह विचार कर’ म्हणणारे हौशी समुपदेशक गल्लोगल्ली आहेतच. पण या प्रश्नाचं उत्तर मतांनी देण्याची गरज उरलेली नाही, कारण ते आपल्याच मुलखात प्रयोगाने दिलं गेलंय. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने ‘मानस’ प्रयोग केला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक आरोग्य समुपदेशकांना शिकवून दवाखान्यांत बसवलं. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना त्याचा फायदा झाला, खासगी डॉक्टरांच्या दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाही. ही दुसरी बाजू मी मुद्दाम सांगतो. शिकवलेली माणसं कुठेही नेऊन बसवली की काम होतं, असा याचा अर्थ नाही. २०१७ साली गोव्यातल्याच पुढच्या प्रयोगात तीव्र नैराश्याच्या रुग्णांनाही अशा समुपदेशकांच्या सहा ते आठ सत्रांनी उतार पडल्याचं दिसलं. त्या सत्रांचा गाभा साधा होता: मनाच्या खोलात उतरण्याआधी माणसाला पुन्हा हातपाय हलवायला, चार माणसांत जायला, आवडीचं एखादं काम धरायला लावायचं.

आणि विदर्भ. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांनी ज्याचं नाव झालं त्या अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्या घरोघर गेल्या, ताणाबद्दल बोलल्या, ऐकलं, गरज पडली तेव्हा डॉक्टरांकडे धाडलं. आधी नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक मदत घेत. नंतर ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये दाखवलंच होतं की विकारागणिक ७० ते ९२ टक्के माणसं उपचारांविना राहतात. ‘तज्ज्ञ की साधा कार्यकर्ता’ असा पर्याय या लोकांपुढे नाहीच. त्यांच्यापुढे पर्याय आहे तो कार्यकर्ता किंवा कोणीही नाही, असा. तज्ज्ञांनी या कामात असावं ते देखरेखीला, आणि कार्यकर्त्यांच्या आवाक्याबाहेरची माणसं वेळेवर आपल्याकडे घ्यायला. तेही काम कमी नाही.

इथवर माझ्याशी सहमत असलेल्यांशीच आता भांडायचं आहे. ‘मग झालं तर! बचतगटाच्या ताई आहेत, आशा आहेत, निवृत्त शिक्षिका आहेत, सेवाभावाने करतील.’ सेवाभाव हा शब्द आपल्याकडे बहुतेक वेळा बाईच्या वाट्याला येतो आणि बिल टाळायला कामी येतो. आशा सेविकांकडे आधीच लसीकरण, गरोदर बायकांच्या नोंदी आणि नाना सर्वेक्षणं आहेत. २०२३-२४ मध्ये मोबदल्यासाठी त्यांना संपावर बसावं लागलं. त्यांच्याच पदराला आणखी दहा जणांची दुःखं बांधायची, तीही फुकट? ऐकणं हे श्रमाचं काम आहे. बोलणाऱ्याला स्वस्त पडावं यासाठी ऐकणारीने उपाशी राहावं लागत असेल, तर ती योजना वर्षभरात बसते आणि मग ‘लोकच येत नाहीत’ असा अहवाल जातो. तासाचं मानधन, महिन्यातून एकदा मानसशास्त्रज्ञासमोर स्वतःचं मन मोकळं करायची सोय, आणि नको असेल तेव्हा नाही म्हणायची मुभा, एवढं तरी हवंच.

जागेचा प्रश्न मी सोपा मानतो. ‘एकटेपणा निवारण केंद्र’ अशी पाटी लावली तर त्या पायऱ्या कोणी चढणार नाही. शेजाऱ्यांनी पाहिलं तर काय, ही भीती एकटेपणाहून मोठी असते. माणूस दुसऱ्या कशाच्या तरी निमित्ताने जिथे जातो तिथेच ऐकणारीने असावं: आरोग्य केंद्र, वाचनालय, महापालिकेचं विरंगुळा केंद्र. विरंगुळा केंद्रांत सकाळ-संध्याकाळ आजोबामंडळींची पत्त्यांची बैठक असते, आज्या कमी दिसतात, आणि पुष्कळ ठिकाणी भर दुपारी दाराला कुलूप असतं. त्याच दुपारी दोन गल्ल्यांपलीकडे ती पोरं जिन्यात उभी असतात. दुपारचं कुलूप काढा, चहाची सोय करा, प्रशिक्षित ऐकणारी एक जण ठरल्या दिवशी बसवा, ज्याला जमेल त्याने वीस-तीस रुपये डब्यात टाकावेत. कॅरम असू दे, डबा खाण्यापुरती बसायची जागा असू दे; एखादी आजी एखाद्या पोराची मुलाखतीची तालीम घेईल, तो तिला फोनवरून वीजबिल भरायला शिकवेल. तिथे समुपदेशन कुठे संपतं आणि सोबत कुठे सुरू होते, याचा हिशेब कोणी मागू नये.

यासाठी पालिकेला नवी वीटही लावावी लागणार नाही. मानधनाचं एक लेखाशीर्ष मात्र उघडावं लागेल, आणि आपल्या पालिकांचा आजवरचा रिवाज पाहता वीट लावणंच त्यांना सोपं जातं.