इमामेक्टिन बेंझोएट म्हणता येतं, मग इंग्रजी का नाही?

दहावीचा निकाल लागला की आपल्या भूम तालुक्यात पेढे वाटले जातात, आणि त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी एक अडचण सुरू होते तिच्याविषयी मात्र कोणी बोलत नाही. जिल्हा परिषदेच्या किंवा एखाद्या संस्थेच्या मराठी शाळेत शिकलेलं पोरगं असतं. विज्ञानात मार्क चांगले. घरच्यांना वाटतं, हे डॉक्टर होणार, नाहीतर परभणीला कृषी विद्यापीठात जाणार. बार्शीला किंवा लातूरला अकरावी सायन्सला नाव घालतात. तिथे पहिल्याच आठवड्यात पुस्तक इंग्रजी, फळ्यावरचं इंग्रजी, सरांचं बोलणंही इंग्रजी. प्रकाशसंश्लेषण पोराला तोंडपाठ असतं, पण यालाच हे लोक फोटोसिंथेसिस म्हणतात हे उमगेपर्यंत सर दोन पानं पुढे गेलेले असतात. दिवाळीला घरी आलं की म्हणतं, "मला सायन्स जमत नाही, आर्ट्सला जातो." सायन्स त्याला जमत होतं. अडलं ते इंग्रजीपाशी.

कोणी म्हणेल, कृषी खात्यातल्या माणसाने पिकावर लिहावं, इंग्रजीवर कशाला? तर त्याचं कारण असं, की आमचं काम बांधावर आणि कृषी सेवा केंद्राच्या दारात असतं, आणि तिथे जे कानावर पडतं ते शाळामास्तरांच्या कानावर पडत नाही. चौथी शिकलेला शेतकरी दुकानात येऊन सरळ सांगतो, "इमामेक्टिन बेंझोएट द्या, थायोमेथोक्झाम नको, थ्रिप्स नाहीत, अळी आहे." ड्रिपची लॅटरल, व्हेंचुरी, स्टार्टर, मायक्रोन्यूट्रियंट, सोयाबीनची जेएस तीनशे पस्तीस, उसाची को शहाऐंशी शून्य बत्तीस, सगळं बिनचूक. यातले काही शब्द बी.ए. झालेल्या माणसालाही एका दमात म्हणता येणार नाहीत. मग "आपल्या जिभेला इंग्रजी वळत नाही" हे जे आपण घरोघरी ऐकतो, ते खरं कसं मानायचं? जीभ वळते. गरज असली, रोज कानावर पडलं आणि हसणारं कोणी नसलं की वळतेच.

आपल्या मराठवाड्याला हे नवीन नाही. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू होती, वरच्या वर्गांचं शिक्षणही उर्दूतून होतं. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, त्याचंही माध्यम उर्दूच. १९४८ साली ते राज्य गेलं, पण खासरा, मौजे, दस्त, इसम हे शब्द अजून आपल्या कागदांवर आहेत. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीतले कितीतरी लोक कचेरीत उर्दूतून बोलत, घरी आले की मराठी. त्यांनी आधी व्याकरणाचं पुस्तक संपवलं आणि मग तोंड उघडलं असं झालं नाही. ऐकलं, बोलले, चुकले, पुन्हा बोलले.

इंग्रजीचं मात्र आपण उलटं केलं. पूर्वी ती पाचवीपासून होती. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. त्या वेळी वाद पुष्कळ झाला. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुलं आज तिशीत आहेत, त्यांचीच मुलं आता शाळेत जातात. दहा वर्षं इंग्रजी शिकूनही दहा वाक्यं सलग बोलता येत नाहीत, याचं कारण सोपं आहे. इंग्रजी हा आपल्याकडे लिहायचा विषय आहे, बोलायचा नाही. गाइड घ्यायचं, प्रश्नोत्तरं पाठ करायची, पेपर लिहायचा. तोंडी परीक्षेचे मार्क कसे पडतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. शिक्षकांना सगळा दोष देऊन चालणार नाही. त्यांनाही इंग्रजी बोलायला कोणी सोबती नाही. २०१६ पासून राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांनी 'तेजस' नावाचा उपक्रम काही जिल्ह्यांत चालवला होता. त्यात शिक्षकांनीच गट करून एकत्र बसायचं आणि आपलं इंग्रजी सुधारायचं, अशी योजना होती. योजना येतात-जातात, पण गट करून बसायला शासनाचा जी.आर. लागत नाही.

आता व्याकरणाचं. पोरांना वाटतं इंग्रजी व्याकरण म्हणजे सगळं परकं. तसं नाही. ए आणि द ही दोन उपपदं पोरांना फार छळतात, मराठीत ती नाहीत असं सांगितलं जातं. पण आजी गोष्ट कशी सांगते ते बघा. "गावात एक म्हातारी होती. ती म्हातारी रोज रानात जायची." पहिल्यांदा आली तेव्हा 'एक म्हातारी', ओळख झाल्यावर 'ती म्हातारी'. इंग्रजीत पहिल्या वाक्यात ए, दुसऱ्यात द. याने सगळे नियम सुटत नाहीत, पण निम्मं काम होतं.

क्रियापदाचं पण तसंच. मराठीत तो जातो, ती जाते, ते जातं अशी तीन रूपं. इंग्रजीत तिघांना मिळून एकच 'गोज'. म्हणजे इथे इंग्रजीच सोपी आहे, हे पोरांना कोणी सांगतच नाही. अवघड कुठे आहे तर क्रमात. आपण "मी सोयाबीन पेरलं" म्हणतो, क्रियापद शेवटी. इंग्रजीत कर्त्याच्या मागोमाग क्रियापद हवं, "आय सोड सोयाबीन." दुसरी अडचण आपल्या 'मला'ची. "मला दोन एकर जमीन आहे" याचं इंग्रजी करताना पोरगं 'टू मी'ने सुरुवात करतं आणि तिथेच रुततं. तिथे आय हॅव. आणि सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे, "मी दहा वर्षांपासून भूममध्ये राहतो." आपण म्हणतो, "आय ॲम लिव्हिंग इन भूम सिन्स टेन इयर्स." 'पासून' दिसला की सिन्स, असं डोक्यात बसलेलं असतं. पाहिजे ते "आय हॅव बीन लिव्हिंग इन भूम फॉर टेन इयर्स." दहा वर्षं हा काळाचा पल्ला झाला, त्याला फॉर. २०१५ सालापासून म्हणायचं असेल, म्हणजे सुरुवातीची खूण सांगायची असेल, तर सिन्स. हे एकदा स्वतःच्या गावाच्या, स्वतःच्या रानाच्या दहा वाक्यांत घालून मोठ्याने म्हटलं की पुन्हा चुकत नाही. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला जुनी झाली असं लोक म्हणतात, पण मराठी वाक्य समोर ठेवून इंग्रजी करण्याची तिची पद्धत आजही कामाची आहे. फक्त ती वहीत न करता तोंडाने करावी.

उच्चाराचा प्रश्न जास्त नाजूक. गाइडमध्ये प्रत्येक शब्दाखाली मराठीत उच्चार छापलेला असतो, आणि पोरं त्यावरच विसंबतात. मराठीत कर्जालाही 'डेट' लिहितात आणि तारखेलाही 'डेट'. कानाला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. तारखेतला ए लांब आहे, कर्जातला आखूड. शिवाय कर्जाच्या स्पेलिंगमध्ये एक बी आहे, तो म्हणायचाच नाही. लिहायचं पेनही 'पेन' आणि दुखणंही 'पेन'. विकणे हेही 'सेल' आणि विक्री हेही 'सेल'. छापील मराठी उच्चारावरून हा फरक कधीच कळणार नाही, तो ऐकावाच लागतो.

असा फरक ऐकायची सवय आपल्याला जन्मापासून आहे. "चार जनावरं" आणि "जनावरं चार" यातला चार एकच लिहितो, पण आकडा असेल तर च वेगळा आणि चारायला न्यायचं असेल तर च वेगळा. पहिलीतलं पोरगंही यात चुकत नाही. त्याला हे कोणी फळ्यावर शिकवलं नाही, आईच्या बोलण्यातून आलं. तोच कान इंग्रजीला लावायचा. मेंढी म्हणजे शीप, लांब ई. आखूड केली तर जहाज होतं, आणि माळावर जहाजं चरायला सोडल्यासारखं होतं. जनावरांच्या डॉक्टरला व्हेट म्हणतात, तिथे वरचे दात खालच्या ओठाला लागतात. ओल्याला वेट, तिथे दात लागत नाहीत, ओठ गोल होतात. नांगर म्हणजे प्लाउ, स्पेलिंग पी-एल-ओ-यू-जी-एच, शेवटचे जी-एच म्हणायचेच नाहीत. पण खोकल्याच्या कॉफमध्ये त्याच जी-एचचा फ होतो. याला नियम शोधत बसू नये, आपल्या मराठीतही असं थोडं आहे का?

आणखी एक गोष्ट गाइडमध्ये नसते, ती म्हणजे जोर. मराठीत आपण शब्दातली सगळी अक्षरं साधारण सारख्या जोराने म्हणतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर येतो आणि तो हलला की शब्दाचं काम बदलतं. 'प्रोड्यूस' घ्या. पहिल्या भागावर जोर दिला तर शेतमाल, दुसऱ्यावर दिला तर पिकवणे. शेतकऱ्यांच्या प्रोड्यूसर कंपन्या आता गावोगाव निघाल्या आहेत, उद्या बाहेरच्या व्यापाऱ्याशी आपल्याच पोरांना बोलायचं आहे.

याचा अर्थ लंडनच्या साहेबासारखं बोलावं असा नाही. तमिळ माणूस त्याच्या ढंगाने इंग्रजी बोलतो, पंजाबी त्याच्या ढंगाने, आणि दोघांचं चालतं. आपलं इंग्रजी भूमच्या मातीतलं वाटलं तर वाटू द्या. समोरच्याला एकाचं दुसरं ऐकू येऊ नये, एवढंच बघायचं. "तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी" अशा जाहिराती भिंतींवर दिसतात, तिकडे पैसे घालायच्या आधी विचार करावा. तीस दिवसांत मेथी येते, तूर येत नाही.

खरी आडकाठी घरातली आणि पारावरची आहे. पोरगी अंगणात इंग्रजी धडा मोठ्याने वाचायला लागली की कोणीतरी म्हणतं, "लई इंग्रजी झाडायलीस की." झालं, ती मनात वाचायला लागते. मनात वाचून उच्चार सुधारत नाही. चूक झाली की फिदीफिदी हसणारे बहुतेक वेळा असे असतात, ज्यांना स्वतःला एक वाक्य धड येत नाही. आईबापांना इंग्रजी येत नसलं तरी हसणाऱ्याला गप्प करणं त्यांच्या हातात आहे. पिवळ्या गाडीतून इंग्रजी शाळेत पोर पाठवायला वर्षाला हजारो रुपये मोजणारे पालक आहेत. तिथल्या बाईंना स्वतःला इंग्रजी बोलता येतं का, हे विचारणारे फार थोडे.

दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि अकरावीचे वर्ग सुरू व्हायला पुढे तीन महिने तरी जातात. हे दिवस लग्नसराईत आणि मोबाईलवर जातात. बालभारतीचं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक मराठीतही आहे आणि इंग्रजीतही. धडे तेच, क्रम तोच, आकृत्या त्याच. दोन्ही पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. मराठीतला गुरुत्वाकर्षणाचा धडा पोराला येतोच, तर इंग्रजीतला ग्रॅव्हिटेशनचा शेजारी ठेवावा आणि रोज एक पान आलटून पालटून मोठ्याने वाचावं. अडलेला शब्द मोबाईलला विचारावा, तो बोलून दाखवतो. मग तेच पान स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ऐकावं. दोघं-तिघं मिळून शाळेच्या व्हरांड्यात बसले तर आणखी बरं, एकाने वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकून अर्थ सांगावा. सुरुवातीला पुस्तक दहावीचंच घ्यावं, अकरावीचं नको. विषय ओळखीचा असला की सगळं लक्ष भाषेकडे देता येतं.