दळण म्हणजे व्यायाम नव्हे

गेल्या दिवाळीत आमच्या घरी जो बार उडाला, त्यापुढे साऱ्या तेरखेड्याचे फटाके फिके पडले असते. आणि तेरखेडा हे फटाके करणारेच गाव आहे! थोरली बहीण, दाजी आणि भाची फराळाला आली होती. भाची पुण्याला संगणकाच्या कंपनीत असते. वय चौतीस, पदरी दोन मुले. बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेले, की ती बाणेरला पिलाटिसच्या वर्गाला जाते आणि महिन्यातल्या बारा तासांचे दहा हजार रुपये मोजते. दाजींच्या हातातली चकली हातातच राहिली.

"दहा हजार? लोळायचे?"

"लोळायचे नाही हो बाबा. कंबर दुखते म्हणून डॉक्टरांनीच व्यायाम सांगितलाय."

"अगं, आमची आई पहाटे चारला उठून पायली पायली दळायची, विहिरीचं पाणी शेंदायची. तिला कुठं लागला तुझा पिलाटिस?"

सगळे हसले. भाचीने मान खाली घातली. मीही गप्प बसले, याची मला आजही लाज वाटते. कारण दाजींची आई मी पाहिलेली आहे. पन्नाशीतच ती कमरेत वाकली होती. भिंतीला धरून उठे, आणि उठली की थोडा वेळ तशीच वाकून उभी राही. त्या माउलीला पिलाटिस लागला नाही हे खरे. तिला काय लागते, हे कोणी विचारले मात्र नव्हते.

हे "जात्यावर दळा, धुणे धुवा, तोच व्यायाम" प्रकरण आता पुरे झाले. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, तेव्हा वैद्यकात मी तोंड घालणार नाही. पण डोळे तर आहेत! आमच्या गावच्या कारखान्यांत बायका सकाळपासून मांडी घालून, मान खाली घालून कागदाच्या नळ्या वळतात, सुतळी आवळतात. तेच बोट, तोच खांदा, तेच मणके. कष्टाने शरीर घडत असते, तर या बायांच्या पाठी पोलादाच्या व्हायला हव्या होत्या. चाळिशीत त्या कशा चालतात ते एकदा सुट्टीच्या वेळी फाटकाशी उभे राहून पाहा. कष्टात अवयव कोणता वापरायचा हे काम ठरवते. व्यायामात ते आपण ठरवतो, आणि दुखले की थांबता येते. नळ्या वळणारीला थांबता येत नाही, हजेरी बुडते.

दुसरा एक पक्ष आहे, तो दाजींपेक्षा शिकलेला. तो म्हणतो, आपल्याकडे तालीम होती, मल्लखांब होता, मग हे परदेशी खूळ कशाला? मल्लखांबाचा अभिमान मलाही आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरच्या बाळंभटदादा देवधरांनी तो ऊर्जितावस्थेस आणला, औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार शाळाशाळांतून नेले, हे मी वर्गात मोठ्या तोंडाने शिकवते. पण गावच्या तालमीच्या उंबऱ्याच्या आत बाईने कधी पाऊल टाकले होते, ते या पक्षाने सांगावे. ज्या घराचे दार तिला बंद होते, त्या घराची श्रीमंती तिला का ऐकवता?

आणि परदेशी म्हणजे तरी काय? जोसेफ पिलाटिस हा १८८३ साली जर्मनीत जन्मलेला, लहानपणी अशक्त असलेला माणूस. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडात होता. शत्रूदेशाचा म्हणून इंग्रजांनी त्याला छावणीत डांबले. तिथे त्याने कैद्यांना व्यायाम शिकवला, आणि आजाऱ्यांच्या खाटांना स्प्रिंगा लावून त्यांच्याकडून निजल्या निजल्या हातपाय हलवून घेतले, असे सांगतात. १९२६ च्या सुमारास तो न्यूयॉर्कला गेला आणि नर्तक त्याच्याकडे येऊ लागले. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी दोऱ्या, पट्टे नि लाकडी बाके आणून दुखऱ्या माणसांनाही आसने साधावीत अशी सोय केली. त्याच जातीची ही युक्ती. अय्यंगारांना आपण नमस्कार करतो. मग याला का हसतो?

मे महिन्याच्या सुट्टीत मी भाचीबरोबर तो वर्ग पाहून आले. पाहून कसली, एक दिवस करूनही आले. एक लांबट लाकडी पलंग असतो. त्यावर सरकती फळी, फळीला स्प्रिंगा, हातापायांत अडकवायला पट्टे. पायाने फळी ढकलायची आणि परत येताना तिला धाडकन आदळू द्यायचे नाही, यात सारी मेख. दहाव्या खेपेला माझ्या मांड्या पहिलीतल्या पोराच्या ओठांसारख्या थरथरू लागल्या. आठ बायका होत्या, आणि शिकवणारी मुलगी प्रत्येकीजवळ जाऊन बरगडीला बोट लावून सांगत होती, "ताई, श्वास इथे." माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या श्वासाची चौकशी कोणी केली नव्हती.

आता भाचीचे कान. (तिने हे लिहायला परवानगी दिली आहे.) त्या दुकानात थोतांडही भरपूर आहे. खास पायमोजे तिथूनच घ्यायचे. भिंतभर आरसे, आणि दाराशी कॉफी. या व्यायामाने स्नायू लांब नि सडपातळ होतात म्हणे! अहो, स्नायूची दोन्ही टोके हाडाला बांधलेली. तो लांब होऊन जाणार कुठे? २०१५ साली कॉक्रेन या संस्थेने कंबरदुखीवरच्या प्रयोगांचा आढावा घेतला. काहीच न करण्यापेक्षा पिलाटिस बरा, पण इतर व्यायामांहून तो सरस असल्याचा पक्का पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष. शिवाय "पिलाटिस" हे नाव कोणा एकाच्या मालकीचे नाही, असा निकाल अमेरिकेतल्या न्यायालयाने २००० साली दिला. तेव्हा पाटी पाहून फसू नये. शिकवणारी कुठे शिकली, वर्गात माणसे किती, आणि ती तुमच्याकडे पाहते की आरशाकडे, एवढे विचारावे. २०२५ च्या सप्टेंबरात व्यायामशाळांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ वर आला. भाचीची फी मात्र जागची हलली नाही.

आणि पलंगाशिवाय अडते, हेही खोटे. खुद्द पिलाटिसने १९४५ च्या आपल्या पुस्तकात जमिनीवर करायचे ३४ व्यायाम दिले आहेत. त्याला सतरंजी पुरते. आमच्याच जिल्ह्याची सारिका काळे घ्या. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी खो-खोचे सुवर्णपदक घेतले, २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. तिला लागले ते मैदान, दोन खांब आणि पाहणारा गुरू.

म्हणून जूनमध्ये मी शाळेची एक खोली मागून घेतली आणि संध्याकाळी सहाला बायांना बोलावले. भाचीच्या बाईंकडून आठ सोपे प्रकार वहीत उतरवून आणले होते. कंबर फार दुखते त्यांनी आधी डॉक्टरला विचारून यावे, असे बजावले. पहिल्या दिवशी अकरा जणी आल्या. पारावर चर्चा झाली, "मास्तरीण बायांना लोळायला शिकवते." त्याचे मला काही वाटले नाही, माझ्या कादंबऱ्यांवर याहून वाईट बोलले गेले आहे. पण चौथ्या आठवड्याला चारच उरल्या. बाकीच्यांना हसण्याची भीती नव्हती. सहा ही भाकरीची वेळ. कुणाचा नवरा दारात येऊन उभा राही, कुणाचे पोर खिडकीतून "आई, भूक" म्हणून ओरडे. एक जण तर पाठीवर निजली आणि तशीच गाढ झोपली. तिला मी उठवले नाही.

तेव्हा मला कळले, भाची दहा हजार कशाचे मोजते. पलंगाचे थोडे, बाकीचे त्या दाराचे, जे तासभर बंद राहते आणि ज्याच्या बाहेर कोणी चहा मागत उभे नसते. ज्या बाईला हा तास घरात फुकट मिळतो, तिने दहा हजार वाया घालवू नयेत. ज्या घरात तो मिळत नाही, त्या घराने फीच्या नावाने बोटे मोडू नयेत.

भाचीने परवा फोन करून विचारले, "मावशी, पुढच्या तीन महिन्यांची फी भरू का गं?" मी म्हटले, संक्रांतीपर्यंत भर. दुखणे उतरू दे, प्रत्येक प्रकार अंगात मुरू दे. मग सतरंजी घे आणि घरीच कर. आणि दाजी हल्ली पुण्यालाच असतात ना? त्यांना सांग, सकाळी सहा ते सात दोन्ही नातवंडे तुम्ही सांभाळायची. त्यांच्या आईने एवढे दळले आहे; अंगात ताकद असणारच.