एका तारेचा हिशेब

ऊसतोडीच्या दिवसांत लोंबकळणाऱ्या तारा एकमेकींवर आदळून उभा ऊस पेटल्याच्या वार्ता आमच्या बेळगाव भागात नव्या नाहीत. पंचनामा होतो, भरपाईचा अर्ज जातो आणि तारा तशाच लोंबकळत राहतात. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ रोजी अशीच एक तार तुटली. तेथील शाही चौकशी आयोगाने तिचा हिशेब बारकाईने मांडून ठेवला आहे, म्हणून ती हकिगत आज वाचकांपुढे ठेवतो.

त्या मुलखात वस्ती विरळ आणि अंतरे अफाट. तेथे वीज नेताना एकच पोलादी तार ताणावयाची आणि परतीच्या प्रवाहास जमिनीची वाट द्यावयाची, अशी काटकसरीची युक्ती रूढ झाली. तिला आम्ही नावे ठेवणार नाही. दूरदूरच्या शेतघरांत दिवे लागले ते तिच्यामुळेच. किल्मोर ईस्टजवळील ही तार ४३ वर्षांची होती आणि दोन खांबांत अंतर सुमारे एक किलोमीटर. वाऱ्याने अशी तार अहोरात्र थरथरते. खांबापाशी तिला धरणारा जोड आपल्या खोबणीत नीट बसलेला नव्हता, त्यामुळे सारा ताण एकाच जागी येऊन तारेचे पदर झिजत गेले. आदल्याच वर्षी पाहणी झाली होती; पाहणाऱ्यास हा दोष दिसला नाही. तपासणीची वही भरली म्हणजे तपासणी झाली असे नव्हे, हे आम्हा शाळामास्तरांना निराळे सांगावयास नको!

त्या दिवशी मेलबर्नचा पारा ४६ अंशांवर गेला होता. दुपारपूर्वीच तार तुटली आणि वाळलेले गवत पेटले. वायव्येच्या वाऱ्याने आग पुढे रेटली. संध्याकाळी वारा नैर्ऋत्येचा झाला, तेव्हा तिची मैलोगणती लांब कूसच तिचे तोंड बनली. एकट्या या आगीत ११९ माणसे दगावली आणि बाराशेंवर घरे जळाली. त्या दिवशीच्या सर्व वणव्यांचे बळी १७३.

२०१४ साली दाव्यात तडजोड होऊन सुमारे ४९ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचे ठरले. दोष मात्र कोणी कबूल केला नाही. त्या वणव्यांचे एकूण नुकसान आयोगाने ४ अब्ज डॉलरांहून अधिक धरले. तारेत वाचलेला पैसा वीजखात्याच्या वहीत जमेस होता. हा खर्च पडला तो भलत्यांच्याच घरांत.

धोक्याच्या भागांतील या तारा हळूहळू काढून आवरणाच्या किंवा भूमिगत तारा घालाव्यात, असे आयोगाने सुचविले. ते काम कोट्यवधींचे आणि वर्षानुवर्षांचे. दुसरी एक सूचना मात्र अगदी स्वस्त होती. बिघाडाने प्रवाह खंडित झाला की स्वयंचलित यंत्र काही क्षणांत तो पुन्हा सोडून पाहते; एखादी फांदी घासून गेली असेल, अशी त्यामागे समजूत. वणव्याच्या ऐन धोक्याच्या आठवड्यांत यंत्राचे हे पुन्हा सोडणे बंद ठेवावे, एवढेच आयोगाचे म्हणणे. मग वीज गेली, तर लाइनमन सारी तार पाहून येईपर्यंत शेतघरांनी अंधारात बसावयाचे.