ओढेल हो, पण थांबेल का?

उन्हाळ कांद्याच्या दिवसांत सटाण्याच्या बाजार समितीकडे जाणारी ट्रॅक्टरची रांग बघा मंडळी. चर्चा एकच, "तुझा किती एचपीचा?" आपण हापिसात गिगाहर्ट्झवरून भांडतो ना, अगदी तस्सं!

अहो, भरलेली ट्रॉली कुठलाही बरा ट्रॅक्टर ओढतो. उतारावर तीच मागून ढकलायला लागते तेव्हा एचपी काय कामाचे? कितीतरी ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात. सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर. त्यातही डाव्या-उजव्या चाकाचे पेडल वेगळे, शेतात वळायला. रस्त्यावर ते पट्टीने जोडायचे असतात. (जोडतंय कोण म्हणा!) एकच दाबला गेला की ट्रॅक्टर आडवा.

आणि हूक? दोनचाकी ट्रॉलीत माल मागे जास्त भरला की दांडी वर उचलते, मागच्या चाकांची पकड जाते. दांडी एक्सलच्या वर जोडली तर चढावर ट्रॅक्टरच मागे उलटू शकतो. हे सोडून खर्च कशावर? स्पीकरवर! पिनेला मात्र क्लिपऐवजी तार.

माझं म्हणणं सरळ आहे: ट्रॉलीला ब्रेक आणि मागे दिवे असल्याशिवाय बँकेने कर्ज सोडूच नये. बोंबाबोंब होईल, होऊ दे. रात्री त्या ट्रॉलीमागे मोटरसायकलवर कोणीतरी असतो.