खुर्चीतला खडू

परवा संध्याकाळी चहा पिताना ह्यांच्या खुर्चीचा पाय कटकन मोडला. मनगटाला प्लास्टर आलं. खुर्ची अवघी तीन वर्षांची! दुकानदार म्हणतो, "काकू, उलव्याचं ऊन! प्लास्टिक कडकणारच."

आमची खुर्ची गच्चीत पत्र्याच्या शेडखाली असते हो. तिथे ऊन येत नाही, पण धग मात्र दिवसभर असते.

मी बी.ए. झालेली मराठीची शिक्षिका. त्यामुळे प्लास्टिकच्या कारखान्यात असलेल्या भाच्याची शिकवणी लावली. तो म्हणाला, "मावशी, तुटका तुकडा बादलीत टाक." टाकला. बुडाला!

अशा खुर्च्या बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या. त्याची घनता साधारण ०.९, म्हणजे ते तरंगायला हवं. चुनखडीच्या भुकटीची २.७. हिशोब मांडला, तर वजनाच्या साधारण १५ टक्क्यांहून जास्त भुकटी असल्याशिवाय तुकडा बुडत नाही. (पीव्हीसी मुळातच बुडतं, पाइपाला ही परीक्षा लावू नका.)

भराव वाईटच, असं मात्र नाही. आमच्या उलव्याची टेकडी फोडून विमानतळाला भराव घातला, आणि डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडताहेत. प्लास्टिकमध्येही शंखजिऱ्याची पूड घातली की ताठपणा येतो. मोटारीच्या डॅशबोर्डात ती मुद्दाम घालतात.

गोम पुढे आहे. उष्णतेत हवेतला प्राणवायू प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडत जातो आणि ते ठिसूळ होतं. ते रोखायला त्यात एक औषध मिसळतात. भरावाचे कण नेमकं हेच औषध स्वतःच्या अंगाला चिकटवून घेतात, आणि भरावात लोहाचा अंश असेल तर साखळ्या आणखी लवकर तुटतात. म्हणून भराव वाढवला की औषधाची मात्राही वाढवायला हवी, किंवा कणांवर लेप देऊन घ्यायला हवा. पण भुकटी स्वस्त, औषध महाग. मग काटछाट कुठे होत असेल, ते सांगायला नको.

यात आपणही दोषी आहोत बरं का! दुकानात खुर्ची उचलून "जड आहे, म्हणजे दणकट" असं म्हणणारी मीच होते. मी दणकटपणा समजून खडू विकत घेतला.

भराव निदान बादलीत कळतो. औषध किती घातलंय, ते गिऱ्हाइकाला कुठल्याच बादलीत कळत नाही. ते फक्त बनवणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून माझं म्हणणं एवढंच : बिस्किटाच्या पुड्यावर घटक छापता, तर ज्यावर माणूस विश्वासाने बसतो त्या खुर्चीवरही छापा. भराव किती, आणि किती उष्णतेत ती किती काळ टिकेल, हे दोन्ही. तोवर उन्हाला बोल लावू नका. उलव्यात ऊन पडतं, हे खुर्ची करणाऱ्यालाही ठाऊक असतं.

असो. मंडळी, घरातल्या जुन्या खुर्च्या आजच तपासा. पायाशी बारीक चिरा दिसल्या, तर त्यावर आजी-आजोबांना बसवू नका.