पंचेचाळिशी ओलांडलेल्या कॉम्प्युटर टेक्निशियनने शिकायचे कुठे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. १४ ऑक्टोबर ही १९५६ च्या धम्मदीक्षेची तारीख. त्या दिवशी आपल्यापैकी फार कोणाचे लक्ष या बातमीकडे गेले नसेल. पण हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील साखरा असो किंवा तसे दुसरे कुठले गाव, तिथल्या एका माणसाच्या पोटापाण्याशी या बातमीचा थेट संबंध आहे. तो म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा.

हा माणूस आज साधारण पंचेचाळीस ते पन्नास वर्षांचा आहे. २००१ च्या सुमारास एमएस-सीआयटी सुरू झाली तेव्हा तो विशीत होता. हिंगोली, नांदेड किंवा अकोल्याच्या एखाद्या दुकानात बिनपगारी बसून तो शिकला. फॉरमॅट मारणे, रॅम खोडरबराने घासून परत बसवणे, एसएमपीएस बदलणे, प्रिंटरचा ड्रायव्हर टाकणे. एवढ्या विद्येवर त्याचा संसार चालला, मुले कॉलेजात गेली. आता तेवढी विद्या पुरत नाही, आणि हे सर्वांत आधी त्यालाच कळले आहे.

यात आपला संबंध काय, असे कोणी विचारेल. आपल्या पोरांची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती महाडीबीटीवर भरली जाते. स्वाधारचा अर्ज, जात पडताळणी, पीक विमा, सगळे ऑनलाइन. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी गावातल्या सेवा केंद्राचे मशीन बसले, तर एका मुलीचे वर्ष वाया जाऊ शकते. त्या दिवशी तालुक्याला न जाता मशीन चालू करून देणारा माणूस शाळेतल्या मास्तराइतकाच गरजेचा असतो.

आता मशीन बदलली म्हणजे नेमके काय झाले ते पाहू. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. आठवी पिढी २०१७ च्या ऑगस्टमध्ये आली. म्हणजे त्याआधीची जुनी, सेकंडहँड घेतलेली मशीन अधिकृतपणे विंडोज ११ वर जात नाहीत, आणि आपल्या गावांत अशीच मशीन जास्त. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची वाढीव मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. गिऱ्हाईक विचारणार, ‘भाऊ, नवीन घेऊ का?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देता येणे हेच आजचे पहिले कौशल्य आहे.

बहुतेक वेळा उत्तर ‘नको’ असे असते. चौथ्या-पाचव्या पिढीच्या मशीनची जुनी हार्ड डिस्क काढून साटा एसएसडी टाकली, रॅम ८ जीबी केली, तर मशीन ओळखू येत नाही इतके बदलते. (२०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चढले. त्यामुळे भंगारात जाणाऱ्या मशीनमधली चांगली रॅम काढून, तपासून ठेवणे आता फायद्याचे आहे.) फक्त ब्राउझर आणि पीडीएफ लागणाऱ्या घरी लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकून देता येते. मात्र बोटाचे ठसे घेणारे यंत्र जोडायचे असेल तर त्याची आरडी सर्व्हिस त्या सिस्टिमवर चालते का, हे आधी बघावे लागते. इथे चूक झाली की गिऱ्हाईक कायमचे तुटते.

क्रॅक केलेल्या विंडोजबद्दलही बोलले पाहिजे. बाजारात सगळेच टाकतात, म्हणून आपणही टाकतो. पण त्या क्रॅकबरोबर व्हायरस येऊ शकतो, आणि त्याच मशीनवर गावाचे आधार, बँक पासबुक, जातीचे दाखले स्कॅन होत असतात. सम्यक आजीविका आपण विहारात ऐकतो. ती दुकानातही लागू आहे.

मग चिप लेव्हल शिकावे का? यूट्यूबवर तेच दिसते: मायक्रोस्कोप, हॉट एअर, बायोस प्रोग्रामर. माझे मत वेगळे आहे. पन्नाशीच्या माणसाने उधारी करून आधी रिवर्क स्टेशन घेऊ नये. आधी मल्टिमीटर नीट शिकावा. खेड्यात मशीन मरते ते बहुधा विजेमुळे: दाब कमी-जास्त होणे, अर्थिंग नसणे, यूपीएसची बॅटरी संपलेली असणे. एसएमपीएसच्या जांभळ्या तारेवर मशीन बंद असतानाही ५ व्होल्ट आहेत का, १२ व्होल्टच्या लाइनवर लोड आल्यावर दाब किती पडतो, कपॅसिटर फुगला आहे का, एवढे मोजून सांगणारा माणूस अंदाजाने पार्ट बदलणाऱ्यापेक्षा निम्म्या खर्चात काम करतो. लॅपटॉपवर यायचे असेल तर बंद बोर्डावर कॉइलपासून ग्राउंडपर्यंतचा रेझिस्टन्स मोजण्याचा सराव करावा. प्रोसेसरच्या कॉइलवर रेझिस्टन्स मुळातच खूप कमी येतो. नवशिका तो शॉर्ट समजतो आणि चांगला बोर्ड खराब करतो. हा सराव भंगारातल्या बोर्डांवर होतो, त्याला भांडवल लागत नाही. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते, तेव्हा चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा आणि भिंगाचा दिवा टेबलाला लावावा.

हार्ड डिस्कमधून आवाज येत असेल तर फॉरमॅट नाही, स्कॅन नाही. आधी दुसऱ्या डिस्कवर क्लोन. पोरीच्या लग्नाचे फोटो परत मिळवून देणाऱ्याला गाव विसरत नाही.

हे सगळे तो स्वतः शिकेल, शिकतोही आहे. प्रश्न सरकारचा आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना पाहा. सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, न्हावी, परीट, शिंपी असे १८ व्यवसाय. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये विद्यावेतन, १५,००० रुपयांची अवजारे, ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि मग २ लाखांपर्यंत कर्ज. वयाची वरची अट नाही. या व्यवसायांतल्या माणसांना मदत मिळते, ती मिळालीच पाहिजे. पण योजनेचा पाया गुरू-शिष्य परंपरा आणि घराण्यातून आलेले काम हा आहे. कॉम्प्युटर दुरुस्ती त्या १८ मध्ये नाही, कारण ते कोणाच्याच बापजाद्यांचे काम नव्हते.

बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जात ही केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीही विभागणी आहे असे दाखवून दिले. गावकीची कामे सोडून आपल्या माणसाने जातीचा शिक्का नसलेला नवा धंदा धरला. आणि धोरण असे, की जुन्या धंद्यात राहिलात तर साठीतही शिकवू, नवा धरलात तर कौशल्य विकास योजनेच्या चौथ्या टप्प्यात अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाला ४५ वर्षे ही मर्यादा. ५९ पर्यंत जे खुले आहे त्या आरपीएलचा मुख्य हेतू अंगी असलेले कौशल्य तपासून प्रमाणपत्र देणे हा आहे. कर्जापुरती मुद्रा आहे, शिशू गटात ५० हजारांपर्यंत. पण कर्ज म्हणजे शिक्षण नव्हे.

आयटीआयला महाराष्ट्रात वयाची वरची मर्यादा नाही, हे फार जणांना माहीत नसते. अडचण दुसरी आहे. दुकान बंद ठेवून वर्षभर दिवसा वर्गात कोण बसणार? ८ ऑक्टोबर २०२५ ला राज्यातील ४०० शासकीय आयटीआय आणि १५० तांत्रिक विद्यालयांसाठी अल्पमुदतीचे रोजगारक्षम अभ्यासक्रम सुरू झाले. त्यांत हार्डवेअर दुरुस्तीची संध्याकाळची किंवा रविवारची बॅच हिंगोलीत मागता येईल. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठ परिसरात नायलिटचे केंद्र आहे. त्यांचे प्रशिक्षक महिन्यातून दोन दिवस जिल्ह्याला येऊ शकतात का, हे निवेदन देऊन विचारले पाहिजे. बार्टी आणि महात्मा फुले महामंडळाकडेही वयाच्या अटीचा विषय न्यायला हवा.

दुसरी मागणी माहितीची. कंपन्या बोर्डाचे नकाशे आणि सुटे भाग स्वतंत्र कारागिराला देत नाहीत. केंद्राने २०२२ च्या डिसेंबरमध्ये राइट टू रिपेअर पोर्टल काढले, २०२५ मध्ये दुरुस्ती निर्देशांकावरचा समितीचा अहवालही आला. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये यावर थेट निर्देश काढला आणि सदस्य देशांना तो ३१ जुलै २०२६ पासून लागू करायचा आहे. आपल्या संघटनांच्या मागण्यांच्या यादीत हा विषय मी अजून पाहिलेला नाही.

तोवर तरुणांनी एक करावे. इंजिनिअरिंग, पॉलिटेक्निक केलेली आपली मुले सुट्टीत गावी येतात. त्यांनी विहाराच्या किंवा वाचनालयाच्या खोलीत दोन रविवार गावातल्या टेक्निशियनबरोबर बसावे. इंग्रजीतले मॅन्युअल, बायोसमधल्या सेटिंग, लिनक्सचे इन्स्टॉलेशन त्यांनी समजावून सांगावे. मीटर कसा धरायचा, हे काकांकडून शिकावे. टेबलावर एक बंद पडलेले मशीन, एक भंगारातला बोर्ड आणि वही असली की पहिल्या रविवारला पुरते.